बेडकांची आत्या

शिरपूरला आमच्या वावरात, विहिरीजवळच्या ओल्या दगडांखाली ती बेडकं राहायची. अंगठ्याच्या नखाएवढी, पण आवाज केवढा! मी कारंज्याला शाळेत विज्ञान शिकवते. पावसाळ्यात सुट्टी मिळाली की एसटीनं गावी जायचं, चिखलाचा गारा तुडवायचा आणि मोबाइलवर त्यांचं ओरडणं भरून धाकट्या भावाला पाठवायचं, हे माझं काम. तो पुण्यात बेडकांवरच डॉक्टरेट करत होता.

एकदा तो येऊन काही बेडकं घेऊन गेला. तिकडं तपासणी झाली आणि कळलं, नुसती जात नव्हे, अख्खं जीनसच नवीन. म्हणजे घराणंच वेगळं. त्या घराण्याला नाव द्यायचं होतं.

आमच्याकडं बारशाला लेकराच्या कानात नाव आत्याच सांगते. तो मान दुसऱ्या कोणाचा नाही. भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, मी त्या बेडकायचा बाप, मंग आत्या तूच ना? तूच सांग नाव." मी आईचं नाव सांगितलं. मोरीत बेडूक आलं की आई झाडू उगारू द्यायची नाही, ओंजळीत धरून बाहेर सोडायची. ती जाऊन वर्षही झालं नव्हतं. फोनवर तो रडला, मीही रडले.

पुढं त्याला मुलगी झाली. वाशीमला, भावजयीच्या माहेरी बारशाला गेले तर त्याचा पुण्याचा मित्र पेढा देत म्हणाला, "बेडकांवरचा पेपर छापून आला, ताई." जीनसला नाव होतं भावाच्या गाईडच्या वडिलांचं. शास्त्रातलं नाव एकदा छापलं की आपल्या मर्जीनं बदलता येत नाही, एवढं मलाही कळतं.

भावाला स्वयंपाकघरात गाठलं. "मले विचारलं काहून नाही?"

"तू नाही म्हनली असती," तो म्हणाला. "सरायचा शब्द कसा मोडू? नोकरी त्यायच्याच हातात हाय. आभारात तुहं नाव टाकलं ना."

"आभार कायले पाहिजेत मले?"

"बरं, पोरीचं नाव आईचंच ठेवतो. झालं समाधान?"

केसानं गळा कापला माझ्या भावानं, आणि वरून भरपाई देऊन राह्यला होता. बाहेर बाया आत्याला हाका मारत होत्या. लेकराचा काय दोष? पाळण्यात वाकून मी तिच्या कानात आईचं नाव सांगितलं. पोर गोड आहे, मला लळाही लागलाय. पण कोणी तिला हाक मारली की मला आई आठवत नाही, आधी भावाचा राग येतो. आईचं नाव माझ्यासाठी त्यानं नासवलं, ते मी त्याला माफ केलेलं नाही.