स्टेलाबाईंचा दोरा

शिर्डीशेजारच्या राहात्याच्या शाळेत स्टेलाबाईंनी एकतीस वर्षं भूगोल शिकवला. नकाशावरचं अंतर त्या मुलांना दोऱ्यानं मोजायला लावायच्या. दोरा दोन गावांवर ताणायचा, मग खालच्या प्रमाणपट्टीवर धरायचा. शेजारच्या वर्गात मी मराठी शिकवायचे. आता दोघी निवृत्त, आणि दुपारचा माझा चहा त्यांच्याकडे. चहा गोड, बोलणं कडू, कारण विषय एकच, विहीणबाई.

त्यांचा मुलगा नोहा हैदराबादला नोकरीला. सून जॉय, तिचं माहेर चेन्नईला. तिच्या आईवर, सिल्व्हियाबाईंवर, आमच्या बाईंचा असा जळफळाट की विहीणबाईंच्या रंगवलेल्या केसांपासून माशांच्या कालवणापर्यंत काहीच बाईंच्या तोंडून सुटायचं नाही. खरं दुखणं एवढंच, की लागोपाठ तीन नाताळ नोहानं चेन्नईला केले. विचारलं की म्हणायचा, "आई, शिर्डी लांब पडतं गं."

"लांब म्हणे! विमानतळ अर्ध्या तासावर. रोज माझ्या डोक्यावरून विमान जातं!" बाई फणकारायच्या.

यंदा डिसेंबर लागला तसा त्यांनी कपाटावरचा जुना नकाशा खाली काढला आणि मला एक कोपरा धरायला लावलं. हैदराबाद ते शिर्डी दोरा ताणला, शिर्डीपाशी चिमटीत पकडला आणि हैदराबादचं टोक तिथंच दाबून चेन्नईकडं फिरवला. चिमटी नेमकी चेन्नईवर बसली. दोन्हीकडं पाचशेच्या आसपास किलोमीटर.

मी म्हटलं, "आपल्याकडचं विमान लहान, पंख्याचं. त्याला दीड तास लागतो, चेन्नईला सव्वा."

"म्हणजे पंधरा मिनिटं! पंधरा मिनिटांसाठी मी नकोशी झाले?"

माझ्यासमोरच त्यांनी फोन लावला, तोही स्पीकरवर. "नोहा, मी मोजलंय. शोभाबाई साक्षीला आहेत. दोन्हीकडचं अंतर सारखं आहे."

पलीकडून नोहा हळूच म्हणाला, "अंतराचं नाही गं आई. तिकडं कुणी मोजत नाही. तुझ्याकडं आलो की पहिला प्रश्न, तिकडं किती दिवस राहिलात, इथं किती राहणार? जॉयनं बॅगसुद्धा खाली ठेवलेली नसते."

मला उठून घरी जावंसं वाटलं. बाई "बरं" म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला. दोरा बोटाला गुंडाळत बसल्या, बोट पांढरं पडेपर्यंत.

"खरं बोलला पोरगा," शेवटी त्या म्हणाल्या. मला हायसं वाटलं. म्हटलं, चला, निवळलं एकदाचं. तेवढ्यात त्यांचे डोळे भरून आले.

"पण शोभाबाई, ती विहीण कशाला मोजेल? तिच्याकडं येतातच की सगळे."