लांबून तपासलेली पाटी

गाव सोडायच्या दिवशी आईनं राखेतून भांडी उकरून काढली. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि त्याचा राग आमच्या बौद्धवाड्यावर निघाला होता. आमचं छप्पर जळालं, दावणीच्या शेळ्या जळाल्या. वडलांनी, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, काळी पडलेली भांडी पोत्यात भरली आणि आम्ही लासूर स्टेशनची वाट धरली. वाटेत आई एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होती, "पोरीची शाळा बुडू देऊ नगा."

वाड्यातले तुम्ही, जे मागे राहिलात आणि जे आमच्यासारखेच निघून कुठं कुठं गेलात, त्या सगळ्यांना दादांना चिकलठाण्याच्या कंपनीत काम लागलं एवढं ठाऊक आहे. पडेगावात आम्ही पत्र्याची खोली घेतली, दादा सायकलवर अख्खं औरंगाबाद ओलांडून ड्यूटीला जात, हेही ठाऊक असेल. शाळेत काय झालं ते मात्र मी कुणाला सांगितलेलं नाही.

शाळा चर्चच्या आवारात होती, चौथीपर्यंतची. आई आधी घाबरली. आपण बुद्धाचे, तिथं पोरीला बाटवतील, असं शेजारणीनं तिच्या मनात भरवलं होतं. पण प्रार्थनेला नुसतं उभं राहिलं तरी कुणी काही म्हणत नसे.

पहिल्याच दिवशी मी माठापासून लांब बसून ओंजळ पुढं केली. गावात शिपाई वरून पाणी ओतायचा, तसंच इथंही असणार. मागची मुलगी म्हणाली, "हात कायकू पसारी? गिलास ले ना." माठ एकच, ग्लास एकच, आणि सगळी मुलं त्यातूनच पीत होती. मी न पिताच उठले. मग मी न सांगताच झाडू घेतला, तर शिकवणाऱ्या सिस्टरनं तो काढून घेतला आणि सांगितलं, आज तुझी पाळी नाही. त्या दिवशी दुकानदाराचा मुलगा वर्ग झाडत होता. मी भिंतीला टेकून त्याच्याकडं बघतच राहिले.

आठवड्याभरात सिस्टरनं मला चौथीतून उठवून पहिलीत बसवलं. त्या केरळच्या; मराठी पुस्तकातल्यासारखी, जपून बोलत. माझे गुडघे त्या बुटक्या बाकात मावत नव्हते. दादांना कळलं तेव्हा त्यांचा चेहरा घर जळालं त्या रात्री होता तसा झाला. हितंबी तेच, असं म्हणून ते ड्यूटी बुडवून शाळेत आले.

दादांना सहीपुरतीच अक्षरं येत. पण रोज संध्याकाळी मी त्यांना तिसरीचं पुस्तक वाचून दाखवायचे, ओळीखाली बोट फिरवत, एकही चूक न करता. ते त्यांनी सिस्टरला सांगितलं. सिस्टरनं पुस्तक उघडून माझ्यापुढं ठेवलं. मी बैलपोळ्याचा धडा घडाघडा म्हटला. दादांनी मान ताठ केली. सिस्टरनं पान उलटलं. मी पुन्हा बोट ठेवलं आणि तोच धडा पहिल्यापासून सुरू केला. त्यांनी पुस्तक उलटं धरलं. तरी मी म्हणतच होते.

मला वाटायचं, वाचणं म्हणजे हेच.

दादा खाली बसले. मला विचारलं, "गुर्जी काय शिकवीत व्हते?" मी सांगितलं ते खरं होतं. मी दाराबाहेर बसायचे. गुरुजी खुर्चीतून म्हणायचे, पाटी वर धर. मी रेघोट्या काढलेल्या असत. लांबून त्या अक्षरांसारख्याच दिसत. ते मान हलवत. माझी पाटी त्यांनी कधी हातात घेतली नाही, आणि दर वर्षी मला पास केलं.

घर जळताना दादा ओरडले होते. इथं मात्र त्यांनी आवाज चढवला नाही. म्हणाले, "पहिलीतच बसवा तिला, बाई. फकस्त तिच्या पाटीला हात लावत जा."

सिस्टरना आधी अर्थ लागला नाही. लागला तेव्हा त्यांनी माझ्या मांडीवरची पाटी उचलली, आपल्या पांढऱ्या बाहीनं पुसली आणि तिच्यावर 'अ' काढला.

त्या मायाळू होत्या असं नाही. चुकलं की छडी बसे. मारण्याआधी त्या माझा तळहात आपल्या हातात धरून सरळ करत. घरी सांगितलं तेव्हा आई छडीबद्दल काही बोलली नाही. तिनं विचारलं, "हात धरला त्यांनी?" आणि ती माझा हात बघत बसली.

दिवाळीनंतर मी दुसरीत गेले, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत माझ्या वयाच्या मुलींना गाठलं. आज बंगळुरूत माझा दिवस ईमेल आणि मीटिंगमध्ये जातो, मुलांशी निम्मं इंग्रजी बोलते. आणि अजूनही मीटिंगमध्ये मधेच तो विचार येतो, की आम्हाला गाव सोडावं लागलं नसतं तर मी सातवी पास झाले असते, आणि मला वाचता येत नाही हे मलासुद्धा कळलं नसतं. त्या दाराबाहेर माझ्या शेजारी बसणाऱ्या मुली पुढं पास होत गेल्या असतील. मग रात्री मला झोप येत नाही.

मागच्या वर्षी आई गेली. मी पडेगावला पोचले तोच भावकीचा फोन आला, माती गावाला आणा, घर तिथं आहे. दादा आता फार बोलत नाहीत. त्यांनी फोन माझ्याकडून घेतला.

"तिथं जलमलो आमी," ते म्हणाले. "घर हितं हाय, पडेगावात."

आणि फोन ठेवून ते आईपाशी जाऊन बसले.