खालचा खिळा

देवळालीची सर्व्हिस मोटार नगरला आली की माझ्या दारावरून जाते. त्या दिवशी ती दारातच थांबली. कंडक्टर खाली उतरला, टोपी काढून म्हणाला, "ताई, अक्का गेल्या..." याच मोटारीनं माझी थोरली बहीण यमुनाअक्का सुई टोचून घ्यायला माझ्याकडे यायची. तिच्यावर लिहिते आहे म्हटल्यावर नातेवाईक म्हणाले, लिही, पण मिशांचं तेवढं वगळ. का वगळू? मिशा होत्या म्हणून तर अक्का होती.

छातीतली गाठ कापून काढली होती, तरी रोग पाठीच्या हाडांत उतरला. कूस बदलायची म्हटलं तरी अक्काला घाम फुटायचा. नगरच्या डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. रोग जाणार नाही, दाबून ठेवता येईल. पुरुषाच्या अंगात असतो तो रस सुईनं द्यायचा, आणि लागू पडतोय तोवर देतच राहायचा. आवाज घोगरा होईल, दाढीमिशा येतील. मला रडू फुटलं. अक्कानं एवढंच विचारलं, "शांतीचं लगीन दिसंल का मला?" शांती तिची एकुलती एक लेक. डॉक्टर म्हणाले, "दिसेल असं वाटतं." "मग टोचा," अक्का म्हणाली.

सुई तेलकट औषधाची. टोचली की अक्का लंगडत मोटारीत चढायची. पण हळूहळू पाठ मोकळी झाली, बाई पुन्हा चुलीपुढं बसून भाकरी थापायला लागली. आणि मग मिशा आल्या. गावचा न्हावी बाईमाणसाच्या गालाला वस्तरा लावेना. शेवटी आमचे दाजी, गणपतराव, स्वतः पुढे झाले आणि पहिल्याच दिवशी बायकोची हनुवटी कापून बसले. अक्कानं वस्तरा हिसकावून घेतला. "आना इकडं. तुमाला म्हस भादरता येत न्हाई, बायकू काय भादरनार!" दाजींचा आरसा ओसरीच्या भिंतीवर उंच, अक्का बुटकी. दाजींनी हातभर खाली दुसरा खिळा ठोकला. आत माजघरात नव्हे, ओसरीवरच, रस्त्यानं जाणाऱ्याला दिसेल असा. रोज आधी दाजींची दाढी व्हायची, मग आरसा खालच्या खिळ्यावर यायचा.

राहुरीला शांतीचं ठरलं, तसे थोरले दीर आबा घरी आले. "लगीन व्हईस्तवर सुई बंद ठिवा. व्याह्यांत हसं व्हईल." जन्मात दिरापुढं न बोललेली अक्का म्हणाली, "सुई बंद केली तर पोरीमागं हुबं कोन ऱ्हाईल आबा, तुमी?" आबा चहासुद्धा न घेता गेले.

मांडवात वरमाईनं मुद्दाम आग्रह धरला, "विहीणबाई, नाव घ्या की." बायका पदराआड खुसखुसत होत्या. अक्का उठली, पदर सारखा केला आणि त्या भरड्या आवाजात, मांडवाच्या पार टोकाला ऐकू जाईल असं म्हणाली,

"सुया घेते टोचून, भीत न्हाई कुनाला,
गनपतरावांचं नाव घेते लेकीच्या लग्नाला."

खुसखुस थांबली. मागून कुणी म्हातारी म्हणाली, "लई झ्याक केलंस, बाई." मला तर तेव्हा अक्काचा इतका अभिमान वाटला, की काय सांगू...

पुढे औषध लागू पडेना. दुखणं परत आलं. तेराव्याला जो तो म्हणत होता, देवानं सोडवली. मला संताप आला. सोडवली काय? तिला जायचंच नव्हतं. शांतीला दिवस गेलेत, अक्काला नातवंड बघायचं होतं. शेवटच्या खेपेलाही ती डॉक्टरांना म्हणाली, "दुसरी एखादी सुई न्हाई का? हवं तर शिंगं फुटू द्या."

परवा देवळालीला गेले. दाजी ओसरीवर दाढी करत होते. आरसा खालच्या खिळ्यावर, आणि ताडमाड दाजी त्याच्यापुढं कमरेत वाकलेले. शेजारी आबा बसले होते. ते म्हणाले, "गना, आता तरी वर लाव की त्यो."

दाजींनी वस्तरा पुसला. "वरचा खिळा मी उपटून टाकला, आबा," ते म्हणाले, आणि पुन्हा वाकले.