नवव्या जिन्यातल्या हेडीचं घर

हेडी,
तुझ्याविषयी लिहितेय, आणि तुला न विचारता लिहितेय. विचारलं असतं तर आधी माझा कागद तपासून त्यात चार चुका काढल्या असत्यास. तेव्हा गप्प बस आणि ऐक.

हेडविग प्रोखास्काने तीस वर्षं व्हिएन्नात ट्राम चालवली. राहते महापालिकेच्या स्वस्त भाड्याच्या वसाहतीत, नऊ नंबरच्या जिन्यात, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. कायदा शिकलेली नाही, पण भाड्याचं घर कुणाला मिळेल नि कुणाला नाही, हे तिला कचेरीतल्या कारकुनापेक्षा नीट ठाऊक. लोक कागद घेऊन येतात. ती चष्मा लावते, कॉफी गार होऊ देते, आणि सांगते: तुझी मिळकत मर्यादेत बसते, अर्ज कर; तू अजून थांब.

तळमजल्यावरच्या कोलारला वरची वकीलबाई खुपायची. एवढं कमावणाऱ्या बाईने इथे का राहावं, असं तो धुण्याच्या खोलीत चारचौघांत म्हणाला. हेडी चादरीची घडी घालत होती.

"अरे बाबा, मिळकत आत येताना बघतात. पगार वाढला म्हणून माणसं हाकलत सुटलो, तर मागे उरू तू नि मी. मग जिन्यातला दिवा गेला की महापालिका कुणाचं ऐकेल, तुझं?"

पुढच्याच महिन्यात कोलार आपलं तक्रारीचं पत्र त्याच बाईकडून लिहून घ्यायला गेला.

पुढे गुडघ्यांनी दगा दिला. वृद्धाश्रमात तळमजल्यावर खोली मिळाली, तेव्हा हेडीने घर नातीच्या, रोमानाच्या नावे करायचं ठरवलं. रोमाना इस्पितळात परिचारिका. तीन वर्षं आजीकडेच राहत होती. दोन वर्षं एकाच घरात राहिल्याचं कागदावर दाखवलं की काम झालं. हेडीने पत्त्याच्या नोंदीचा कागद मागितला. पोरीने चाचरत पुढे केला. त्यावर पत्ता गावचा, आईच्या घरचा.

"गावच्या अग्निशमन दलात स्वयंसेवक आहे ना मी, आजी. पत्ता हलवला तर नाव काढतील, असं वाटलं."

साऱ्या वसाहतीचे कागद तपासणारीने घरातला तपासला नव्हता. दिव्याखाली अंधार, दुसरं काय. आजी वृद्धाश्रमात गेली की घर महापालिकेकडे परत. स्वतःच्या नावे अर्ज करायचा तर शहरातली दोन वर्षांची नोंद तिथेही हवीच. बाहेर घर घ्यावं तर निम्मा पगार भाड्यात.

पोर तीन वर्षं इथेच राहते अशी साक्ष द्यायला मी तयार होते, समोरच्या दारातच तर राहते. हेडीने मला उडवून लावलं. साक्षीवर भांडून कदाचित जिंकूही, म्हणाली, पण हरलो तर पोर रस्त्यावर. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने रोमानाला नेऊन पत्ता बदलून घेतला, आणि वृद्धाश्रमाला कळवलं, खोली दुसऱ्या कुणाला द्या.

"दोनच वर्षं ना? चढेन की. मरायला मला सवड नाही."

आणि चढली. वकीलबाईने दुसऱ्या मजल्यावर तिला टेकायला खुर्ची ठेवली. आगीच्या वेळी वाट अडेल म्हणून रोमानानेच ती उचलायला लावली, मग घडीची आणली.

गेल्या वर्षी मार्चमध्ये दोन वर्षं पुरी झाली. आता घर पोरीला मिळणार, यात शंका उरली नाही. फक्त कचेरीत जाऊन हेडीने सही करायची, की ती वृद्धाश्रमात जायला मोकळी; मी आधाराला सोबत. पहिल्या गुरुवारी हेडीला केस कापून घ्यायचे होते. दुसऱ्या गुरुवारी कोलारच्या भाच्याचा अर्ज भरायचा होता. पत्ता बदलून आता चौथं वर्ष चाललंय, आणि आमचं जाणं काही झालेलं नाही.