झेंडूच्या हारावरून घेतलेले पट्टे

जगात सुटी वस्तू असू शकते, हे इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलमधल्या आमच्या शेजारच्या काकांना मुळातच मान्य नाही. किराणा आणताना ते दुधाच्या कॅनला सीट बेल्ट लावतात. मंडळाचा गणपती त्यांच्या गाडीतून आणायचा ठरला, तेव्हा मूर्तीला दोन पट्टे, पाटाला तिसरा, असा बंदोबस्त करून त्यांनी बाप्पांना चक्क हलवून पाहिलं. काकू कळवळून म्हणाल्या, "अहो, देव आहे तो!" काका शांतपणे म्हणाले, "म्हणूनच. देवच पडला तर आपण कुणाच्या पाया पडायचं?" मी मागच्या सीटवर होतो. माझाही बेल्ट त्यांनी दोनदा ओढून बघितला आणि मगच गाडी सुरू केली.

अशा माणसाकडे मोटारसायकल असावी, हाच खरा विनोद. पण होती, आणि काकांचा तिच्यावर फार जीव. यंदा त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि त्यानंतर बाइक बंद, हे डॉक्टरांच्या आधी काकूंनीच जाहीर करून टाकलं. त्याआधी ब्लू रिज डोंगरांच्या घाटात एकदाच, फक्त एकदाच, बाइक चालवायची एवढी काकांची इच्छा होती. तिथवर चार तास बाइकवर बसणं गुडघ्याला झेपणार नव्हतं. म्हणून त्यांनी एक टॉय हॉलर भाड्याने घेतला, म्हणजे पुढे झोपायची सोय आणि मागे रॅम्पवरून बाइक चढवायची जागा असलेला भलामोठा ट्रेलर. तो ओढायला एक पिकअप, आणि पिकअप चालवायला मी.

दसऱ्याला सकाळी बांधाबांध सुरू झाली. पुढचं चाक खाचेत बसवायचं, बाइक सरळ उभी करायची, हँडलला दोन आणि मागे दोन पट्टे, आणि पुढचं सस्पेन्शन अर्धं दबेपर्यंत ते आवळायचे. काका हे सगळं सत्यनारायण सांगणाऱ्या गुरुजींच्या थाटात करत होते. "तू हात लावू नकोस, फक्त बघ," हे मला तीनदा ऐकवून झालं. अडचण एकच होती. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, काकूंनी परसातल्या झेंडूचा मनगटाएवढा जाड हार हँडलला घातला होता आणि "पोचेपर्यंत काढायचा नाही," असं बजावलं होतं. काकूंपुढे काकांचं काही चालत नाही. त्यांनी पट्टे हारावरूनच घेतले, ओढून पाहिले, आणि काकूंसकट आम्हा तिघांचं सीमोल्लंघन सुरू झालं.

दर पन्नास मैलांनी थांबून तपासायचं हाही काकांचाच नियम. पहिल्याच गॅस स्टेशनवर रॅम्प पाडून आत डोकावलो. फुलं चेपून त्यांचा लगदा झाला होता, हँडलचे पट्टे लोंबत होते आणि बाइक एका कुशीवर कलून भिंतीला टेकली होती. एक आरसा फुटला होता. ब्रेकचा दांडा वाकला असता तर घाट तिथेच संपला असता. काकूंचा चेहरा पडला. आता दोन तासांचं प्रवचन होणार, म्हणून मी मान खाली घातली. काकांनी वाकून उजव्या हाताचा ब्रेक दाबून बघितला, मग डाव्या हाताचा क्लच, आणि म्हणाले, "काही नाही यार, फुलं जरा ओली होती." एवढंच! त्या क्षणी मला हा माणूस भयंकर आवडला. मग हार काढून त्यांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून बांधलं.

घाटात पानं लाल-पिवळी झाली होती. काका एकटेच एक फेरी मारून आले, हेल्मेट काढलं आणि लहान मुलासारखे हसत काकूंना म्हणाले, "येतेस? जास्तीचं हेल्मेट आणलंय." काकू इतक्या वर्षांत त्या बाइकवर एकदाही बसल्या नव्हत्या. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, ओढणी स्वेटरमध्ये खोचली आणि चढून बसल्या.

वीस मिनिटांत येतो म्हणून गेलेली ती दोघं दीड तासाने उगवली. मी काळजीने अर्धा झालो होतो. "कुठे होतात? बाइक बिघडली का?" मी काकांवर उखडलोच.

"त्यांना काही बोलू नकोस," काकू हेल्मेट काढता काढता म्हणाल्या. "ते दर वळणावर परत फिरूया म्हणत होते. मीच म्हटलं, अजून थोडं पुढे जाऊ."

ऑपरेशन सोमवारी होतं.