दुपारचा पेपर

कशावर आकडा लिहिलेला दिसला की बाईला तो खोटाच वाटायचा. कुकरवरचा असो, नाहीतर माझ्या टेम्पोच्या पाठीवरचा. म्हणायची, "लिहिनाऱ्यानं आपली मान वाचवाया लिहिलंय. वस्तूला इचारलंय का कुनी?"

बाई म्हणजे माझी बायको. शाळेत विज्ञान शिकवायची, म्हणून सगळं मिरजगाव तिला बाई म्हणायचं, आणि त्यांच्याबरोबर मीही. मी सातवीतनं शाळा सोडली आणि कांद्याच्या टेम्पोवर चढलो. आमचं जमलं कसं, हे लोकांना कळलं नाही. मलाही नीट कळलेलं नाही.

रिटायर झाल्यावर बाया लोणची घालतात. हिनं मोबाईलवर बघून बघून बोर्ड मागवले. बोर्ड काडीपेटीएवढा, त्यावर नखाएवढी चिप. चिपेनं सेकंदाला किती पावलं टाकायची ते कंपनीनं ठरवून दिलेलं असतं. बाई तिला त्याच्या दुप्पट पळवायला बघायची. ती त्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणायची, मी दामटणं म्हणायचो. पुढं तीही दामटणंच म्हणायला लागली.

उगाच नव्हतं ते. शाळेनं ढेरपोट्या काचेचा जुना टीव्ही टाकून दिला होता. बोर्ड जोडून पोरांनी काढलेली चित्रं त्यावर दाखवायची आणि टीव्ही शाळेच्या व्हरांड्यात ठेवायचा, हे तिनं मनात घेतलं. चिप साध्या चालीनं चालली की चित्र काळंपांढरं यायचं. रंग पाहिजेत तर दामटायला लागायचं. एका पोरीचं सूर्यफूल होतं, ते पिवळंच दिसलं पाहिजे म्हणून हट्ट.

पहिल्यांदा वेग वाढवला आणि पडदा गप्प. मी म्हटलं, "बाई, गाडीत जास्ती माल भरला की खालचे स्प्रिंगचे पाटे तुटत्यात."

"मग तुमी काय करता?"

"आधी पाटे वाढवतो, मग माल भरतो."

ती तशीच बोर्डाकडं वळली. चिपेला द्यायच्या हुकमांत वेग आधी आणि वीज मागनं, असं लिहून बसली होती. ते उलटं केलं. आधी विजेचा दाब जरासा वाढवायचा, क्षणभर थांबायचं, मग वेग. चित्र आलं. "डायवर कामाला आला म्हना की," एवढंच बोलली. तेवढ्यावर मी आठवडाभर मिशीत हसत होतो.

पण चित्र येणं वेगळं आणि टिकणं वेगळं. बाईचा कायदा होता, "एकदा पळालं म्हंजे पळालं न्हाई. दुपारभर पळालं तर पळालं." आमच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत वैशाखात भाकरी भाजेल. भर दुपारी बोर्ड तिथं चालू ठेवायचा आणि समोर खुर्ची टाकून, हातात पुठ्ठा घेऊन बसायचं. याला ती दुपारचा पेपर म्हणायची. चिपेला मधनंमधनं बोट लावून बघायची, लेकराचा ताप बघतात तसं. चित्र फाटलं की "नापास", आणि वेग जरा खाली. गरमी ओढून घ्यायला जुन्या रेडिओतला ॲल्युमिनियमचा तुकडा चिपेवर चिकटवला, तेव्हा कुठं पेपर निघायला लागला. एका बोर्डाला जमलं ते दुसऱ्याला जमायचं नाही. म्हणायची, "एकाच आईची लेकरं सारखी आस्त्यात का?"

त्याच उन्हाळ्यात तिच्या पोटात गाठ निघाली. नगरला दाखवून यायचो आणि ही चप्पल काढली की पत्र्याखाली. मी ओरडायचो. तिला ऐकू जायचं नाही, म्हणजे जायचं, पण.

एके दिवशी चहा घेऊन गेलो तर सूर्यफूल काळंपांढरं.

"रंग कुठं गेलं गं?"

"काढलं."

"नापास झाली व्हय चिप?"

"न्हाई, पास हाय. पन रंगात चालवायची तर कुनीतरी बोट लावून बघाया पायजे. हवा बदलती, लाइट कमीजास्त हुती. साध्या चालीवर तिची ती चालंल."

"बघाया तू हायेस की."

ती वायर गुंडाळत राहिली. मी चहा तिथंच ठेवला. नगरच्या डॉक्टरनं फिरवून फिरवून जे सांगितलं होतं, ते मला त्या सूर्यफुलाकडं बघून कळलं.

शाळा उघडायच्या आधी तिनं टीव्ही व्हरांड्यात बसवून घेतला. खांबाला धरून उभी होती. पंधरवड्यात गेली.

मी मधल्या सुट्टीत कधी जाऊन बसतो. चित्रं तीच आहेत, काढणारी पोरं वरच्या वर्गात गेली. नवे मास्तर विचारतात, "बाबा, याला काही करावं लागतं का?"

मी सांगतो, काही न्हाई.

खरंच लागत नाही. दुसरा उन्हाळा काढला त्यानं, एकदाही अडकला नाही. कधी कधी वाटतं अडकावा. म्हणजे बाई काहीतरी अर्धं टाकून गेली, असं तरी झालं असतं.