स्कार्फच्या टोकाची गाठ

चिखलदऱ्याच्या गाइड शिबिरात पालकांना जागा नव्हती. माझ्यासाठी ती केली गेली, कारण मी भांडलो. अकोल्याच्या कोर्टात वकिली करतो, भांडणं मला जमतं. मुलगी बारा वर्षांची. दोन वर्षांपूर्वी शाळेच्या प्रार्थनेत ती चक्कर येऊन पडली, अमरावतीच्या दवाखान्यात राहिली, आणि तेव्हापासून प्रत्येक जेवणाआधी तिला इन्सुलिन लागतं. ते मीच देतो. मधल्या सुट्टीत कोर्टातून स्कूटरने शाळेत जाऊन देतो. तिच्या आईलासुद्धा हात लावू देत नाही.

"जाऊ द्या न तिले एकटीले," तिची आई म्हणाली होती. "मैत्रिणी आहेत, बाई आहेत." मी ऐकलं नाही. मला भीती वाटत होती, दुसरं काही नाही.

मे महिना होता. एसटीत मुली मागे गाणी म्हणत होत्या आणि मी पुढच्या सीटवर थर्मास मांडीवर घेऊन बसलो होतो. आत बर्फ, बर्फावर रुमाल, रुमालावर इन्सुलिनचं पेन. अंजनगावच्या स्टँडवर रसवंतीवाल्याकडून पुन्हा बर्फ भरून घेतला. परतवाड्यापुढे घाट लागला, हवा गार झाली, तरी मी थर्मास खाली ठेवला नाही.

मला स्वयंपाकघराशेजारची खोली मिळाली. रिकामा कसा बसणार, म्हणून भाजी चिरू लागलो. हात कांद्यावर आणि डोळे तिच्या तंबूवर.

रोज सकाळी ध्वजाला सलामी झाली की प्रत्येक मुलगी स्कार्फच्या टोकाला एक गाठ मारायची. दिवसभरात कोणासाठी तरी काही चांगलं केलं की ती सोडायची. काय केलं ते कोणाला सांगायचं नाही, असा नियम. काहींची गाठ संध्याकाळपर्यंत तशीच राहायची. मग त्यांची धावपळ व्हायची, दोघीतिघी येऊन माझ्यापुढची विळी ओढायच्या. आमच्या कन्येची गाठ मात्र पोह्यांची ताटली हातात येण्याआधीच सुटलेली असायची.

दोन दिवस मी गप्प राहिलो. तिसऱ्या दिवशी उलटतपासणी घेतली.

"सलामीपासून पोह्यांपर्यंत वेळ किती? तेवढ्यात तू कोणाचं काय भलं केलं?"

"सांगाचं नसते, बाबा."

"खोटंच वागाचं असन, तर गाठ मारूच नको."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसून ती ताटली धुवायला गेली. आपण वडिलांचं कर्तव्य केलं, असं मला वाटलं. आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

चौथ्या दिवशी उजाडताच सलामी देऊन, गाठी मारून मुली जंगलातल्या वाटेने पायी निघाल्या. न्याहारी आणि जेवण वाटेतच होणार होतं. मीही बूट घालून तयार होतो. गाइडच्या बाईंनी फाटकाशी अडवलं. बाई अचलपूरच्या, माझ्याहून वयाने मोठ्या, आवाज न चढवता बोलणाऱ्या.

"तुमी नका येऊ, वकीलसाहेब."

"इंजेक्शन कोण देणार?"

"थे सोताच घेते. पयल्याच दिवशी माह्यासमोर घेऊन दाखवलं तिनं. दवाखान्यातल्या सिस्टरनं शिकवलं म्हणे, वर्ष झालं."

"मग मला का नाही सांगितलं?"

"थे तिलेच इचारा."

माझ्या हातातला थर्मास घेऊन बाई मुलींमागे गेल्या. वर्षभर मी मधल्या सुट्टीत धावत होतो आणि ती मुकाट्याने दंड पुढे करत होती. त्या दिवशी मी काही चिरलं नाही. फाटकाजवळच्या दगडावर बसलो. आधी राग आला, मग पुन्हा भीती वाटली, मग नुसताच बसून राहिलो.

ऊन कलल्यावर मुली परतल्या. माझी लेक धुळीने माखलेली होती आणि हसत होती. स्कार्फची गाठ तशीच होती.

"साखर?"

"बरोबर हाय. वहीत लिवली."

"आज तुझी गाठ राहिली."

जेवणाची घंटा झाली तशी तिने थर्मासमधून पेन काढलं, सुई बसवली, मात्रा लावली. मी बारकाईने पाहत होतो, कुठेच चूक नव्हती. मग तिने पेन माझ्या हातात दिलं आणि बाही वर केली.

"तुले येते न," मी म्हणालो.

"येते. पण तुमी एवढ्या दुरून थर्मास घेऊन आले."

मी टोचलं. तिने बाही खाली केली आणि माझ्यासमोरच गाठ सोडली.

रोज सकाळी माझं इंजेक्शन देऊन झालं की ती हेच करत होती. तिचं रोजचं सत्कृत्य म्हणजे मीच होतो, आणि त्यालाच मी खोटं म्हटलं होतं. मी तिची माफी मागितली.

"चला," ती म्हणाली, "वरण थंडं होते."

शिबिराचे तीन दिवस बाकी होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी थर्मास बाईंच्या हवाली केला आणि पिशवी उचलली. मुली ध्वजासमोर रांगेत उभ्या होत्या, त्यामुळे तिला हात करता आला नाही. सलामी झाली. सगळ्यांबरोबर तिनेही गाठ मारली. आता ती सोडायला तिला दुसरं कोणी शोधावं लागणार होतं.